पूजेतला पाना

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने मला विचारलं, "आजी, तू गाडी सुरू करायची कशी ते विसरलीस ना? बाबा म्हणाले." तुमचे बाबा तेव्हा मागे उभे होते. त्यांनी फोन जरा दुसरीकडे वळवला आणि तुमच्याकडच्या बर्फाचा विषय काढला. मी फोन ठेवला, टेबल पुसलं आणि कागद घेतले. ही गोष्ट तुम्हाला सांगायची नाही असं मी ठरवलं होतं, पण अर्धीच पोचली असेल तर पूर्ण पोचवणं माझं काम आहे.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू द्या. इंग्रजी मी जन्मभर शिकवलं, त्यात अर्ज लिहिले, तक्रारी लिहिल्या. भांडण मात्र मला मराठीतच नीट सांगता येतं.

आपली पांढरी गाडी तुम्ही पाहिली आहे. तुमचे आजोबा गेले त्या वर्षी तुमच्या बाबांनी ती घेतली, म्हणून कागदोपत्री ती त्यांच्या नावावर होती. चालवत मीच होते. दर गुरुवारी सकाळी जालन्याहून केदारखेड्याला. तिथे माझी थोरली बहीण राहते, जिला तुम्ही अक्काआजी म्हणता. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी तिची आठवड्याची औषधं डबीत लावून देते, भाजी-भाकरी नेते आणि दुपारभर वाचून दाखवते. एसटीच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना चढवत नाहीत. गाडी गेली की गुरुवार गेला. हे एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

गेल्या पावसाळ्यात गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. या गाड्यांतला पेट्रोलचा पंप सदोष असण्याची शक्यता आहे, तो आम्ही विनामूल्य बदलून देऊ. याला रिकॉल म्हणतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या वकीलसाहेबांनाही तेच पत्र आलं होतं. त्यांनी त्यावर भजी ठेवून खाल्ली. त्यांची गाडी आजही एका चावीत सुरू होते. मी पत्र फाइलला लावलं, दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी सर्व्हिस सेंटरला पोचले आणि चांगली चालणारी गाडी त्यांच्या हातात दिली.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी चावी फिरवली, तर गाडी नुसतीच घुरघुरत राहिली. पूर्वी चावी फिरवता फिरवता सुरू व्हायची. आता मी मनात अकरापर्यंत मोजलं तेव्हा कुठे तिला जाग आली. केदारखेड्याहून परत निघताना पुन्हा तेच. शिवाय मागच्या सीटवर ठेवलेल्या पिशवीला पेट्रोलचा वास.

मी वही घातली. तारीख, वेळ, गाडी किती तास उभी होती, चावी किती वेळा फिरवली, वास आला का. दहा दिवसांत माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळलं की गाडी जितकी जास्त वेळ उभी, तितकी सुरू व्हायला जास्त वेळ घेते. वही घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथे गाड्या लिहून घेणारा एक तरुण होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, कानात सदैव फोन. त्याने वही उघडलीसुद्धा नाही.

"पेट्रोल कुठं भरता, आजी?"

मला आजी म्हणणारी जगात दोनच माणसं आहेत आणि ती दोघं आत्ता हे वाचताहेत. तरी मी सांगितलं, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी भरते. मग त्याने पेट्रोल सोडलं आणि बॅटरी धरली. बॅटरी बदलली. फरक पडला नाही. मग म्हणाला, "गाडी रातभर ठेवून जा, सकाळी आम्ही चेक करतो." ठेवली. दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिलेलं होतं की दोष आढळला नाही, गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. पुन्हा ठेवली, पुन्हा तोच कागद. आणि दुसऱ्या कागदावर खाली एक ओळ जास्त होती: ग्राहकास गाडी सुरू करण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली.

"काय समजावलंत तुम्ही मला?" मी विचारलं.

तिथे सात-आठ माणसं बसली होती. तो हसून म्हणाला, "आजी, टेन्शन घेऊ नका. गाडी बी तुमच्यासारखीच हाय. थोडा टाइम लागतो उठायला."

सगळी हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मी किल्ली घेतली आणि बाहेर आले. गाडी सुरू करायला मला त्या दिवशी तीन वेळा चावी फिरवावी लागली आणि ती माणसं काचेतून बघत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण गाडी तुमच्या बाबांच्या नावावर, म्हणून नंबरही त्यांचाच. त्या तरुणाने त्यांना फोन केला. संध्याकाळी तुमच्या बाबांचा मला फोन आला. आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलताना असतो तसा.

"आई, तो म्हणत होता गाडीत काहीच नाहीये. तू बहुतेक चावी अर्धवट सोडतेस. या वयात होतं असं."

"वास येतो त्याचं काय?"

"आई, वासाचंही वय झाल्यावर होतं."

आठवड्याभरात त्यांनी ठरवून टाकलं. गाडी विकायची. जालन्यातल्या कुठल्या एजंटाला त्यांनी तिथूनच सांगितलं, दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक बघायला येईल म्हणाले. अक्काला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करत जा, असंही म्हणाले. डोळे नसलेल्या बाईला.

माझ्या मुलावर मी रागावले, पण त्याच्या कानात ते घालणारा तो टायवाला होता. तेव्हापासून मी त्याच्यासाठी जागी होऊ लागले. देवाचं करताना तो, भाजी चिरताना तो. शाळेत असताना कितीतरी उद्धट पोरं मी माफ केली असतील. याला करायचं नाही हे मी शांतपणे ठरवलं.

आधी खरं काय ते माहीत हवं होतं. जुन्या जालन्यात धान्याच्या अडत दुकानांच्या गल्लीमागे एक मिस्त्री आहेत. तुमच्या आजोबांची स्कूटर तेच बघायचे. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, असं करणारे ते पहिलेच. मग मागचं दार उघडून सीटपाशी वाकले आणि वास घेतला.

"बाई, पंप नवा हाय, बराबर. पर बसवताना जल्दी केली. टाकीत पंपाला रबराची रिंग असती. जुनीच ठेवली असंल, न्हाईतर नवी चिमटून फाटली. वास बी तिथनंच येतोय. गाडी बंद केली की नळीतलं पेट्रोल हळूहळू माघारी गळून राह्यलंय. सकाळी नळी रिकामी. मंग इंजिनाला काय प्यायला देता?"

"तुम्ही उघडता का?"

"बिलकुल न्हाई. मी हात लावला की ते म्हणतील मिस्त्रीनं बिघडवलं. त्यांच्याच हातानं उघडवा." मग त्यांनी मला युक्ती दाखवली. चावी अर्धी फिरवायची, मागून पंपाचा गुंऽऽ आवाज संपेपर्यंत थांबायचं, बंद करायची. असं तीन-चारदा. नळी भरते, मग गाडी सुरू होते.

एक गोष्ट मात्र त्यांनाही उलगडेना. सर्व्हिस सेंटरला ती दोनदा रात्रभर उभी राहूनही पहिल्या प्रयत्नात सुरू कशी झाली? मी तिसऱ्यांदा गाडी तिथे ठेवली आणि सकाळी त्यांनी दहाला बोलावलं होतं तर आठला गेले. फाटकाजवळ वॉचमनकाका होते, माझ्याच वयाचे. हातात अगरबत्तीचा जुडगा. अंगणात मुक्कामाला राहिलेल्या पाच-सहा गाड्या आणि सगळ्यांची इंजिनं चालू.

"हे काय चाललंय, काका?"

"पूजा, ताई. रोजची. रात्रीच्या गाड्यांच्या चाव्या माझ्यापाशीच ऱ्हात्यात. बंद गाडीला अगरबत्ती ओवाळत न्हाई मी. बंद म्हंजे निजलेली. चालू करतो, घटकाभर चालू देतो, मंग ओवाळतो."

"आणि ही पांढरी? लगेच सुरू होते?"

"ही? न्हाई हो. लई रडती. चार-पाच डाव फिरवाया लागती. उठली की मंग बराबर."

"तुम्ही आत कुणाला सांगितलं का?"

"कोणी इचारलंच न्हाई."

म्हणजे दहा वाजता टायवाला येऊन चावी फिरवायचा तेव्हा गाडी दोन तासांपूर्वी चालून, नळी भरून, गरम होऊन बसलेली असायची. माझा अपमान काकांच्या भक्तीतून निघाला होता. मी त्यांच्यावर रागवू शकले नाही. दहाला तिसरा कागदही तोच मिळाला.

आता कबुली. त्याच वेळी आत जाऊन हे सांगितलं असतं, तर गाडी त्याच दिवशी उघडली गेली असती. मी सांगितलं नाही. केबिनमध्ये, दार लोटून, "सॉरी मॅडम" एवढ्यावर मिटलेलं मला नको होतं. तो चारचौघांत बोलला होता. मला चारचौघं हवी होती, आणि जास्त हवी होती. मागच्या सीटखाली पेट्रोल गळतंय हे माहीत असूनही मी गाडी आणखी तीन आठवडे तशीच वापरली, खिडक्या उघड्या ठेवून. तुम्ही असं कधीही करू नका. एका गुरुवारी युक्तीसुद्धा चालली नाही आणि अक्का दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मी फोन करून तिला सगळं खरं सांगितलं, गाडी मुद्दाम दुरुस्त करून घेतली नाही हेसुद्धा.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी अजून चार गुरुवार बसंन. त्या टायवाल्याला सोडू नको."

दसरा जवळ आला होता. तुम्हाला तिकडे दसऱ्याचं फार कळत नाही. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि वाहनं पुजतात. सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री, वर्कशॉपमधले पाने-पकडी, सगळ्यांना हळदकुंकू. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. आणि नवी गाडी घ्यायची तर दसऱ्यालाच. सर्व्हिस सेंटरला लागूनच शोरूम आहे, दोघांचं फाटक एक. दसऱ्याच्या सकाळी तिथे दहा-बारा नव्या गाड्या हार घालून, रिबिनी बांधून उभ्या असतात आणि खेड्यापाड्यांतून आख्खी घरं नटूनथटून त्या न्यायला येतात.

आदल्या दिवशी दुपारी चारला मी गाडी घेऊन गेले आणि त्या फाटकात आडवी लावली. हँडब्रेक ओढला, चारही दारं लॉक केली, किल्ली पर्समध्ये टाकली. वॉचमनकाका बघत होते.

"ताई, दारात लावली की हो."

"माहीत आहे. उद्या सकाळी नेते."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी पर्सची चेन लावली. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग पाणी मारायला निघून गेले. मी रिक्षाने घरी आले आणि फोन बंद केला.

सकाळी आठला फोन चालू केला. अकरा मिस्ड कॉलचे मेसेज आले होते. पूजा केली, चहा घेतला, मोरपंखी साडीला इस्त्री केली. साडेनऊला पोचले तेव्हा फाटकाच्या आत नव्या गाड्यांची रांग आणि बाहेर पन्नास-साठ माणसं. बायका नव्या साड्यांत, पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, पेढ्यांचे खोके, नारळ. मुहूर्त होता दहाचा.

टायवाला धावत आला. "आजी! काय हे? काढा गाडी, काढा!"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची मला सवय आहे. "मला कुठे येतं सुरू करायला? तुम्हीच लिहून दिलंय, मला पद्धत माहीत नाही म्हणून. ही घ्या किल्ली. योग्य पद्धतीने तुम्हीच सुरू करा."

तो बसला. चावी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. सोडली. पुन्हा फिरवली. मी शाळेतल्यासारखं मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन." बाजूला झेंडूच्या माळा घेऊन उभी असलेली पोरं माझ्याबरोबर मोजू लागली. पहिल्यांदा पंधरा, दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्या वेळी पोरं आरोळी ठोकत तिसापर्यंत गेली आणि बॅटरीचा आवाज खाली बसू लागला. त्याच्या मानेवर घाम आला.

मी खिडकीशी वाकले. "घाई करू नका. थोडा टाइम लागतो उठायला."

तो लाल झाला. त्याला आठवलं होतं.

तेवढ्यात गर्दीतला एक टोपीवाला गृहस्थ माझ्या गाडीभोवती चक्कर मारून आला. "अरे, हीच गाडी तर मी घेऊन राह्यलो! रंग तेवढा वेगळा."

"मामा, तुम्ही तिकडं बसा ना," टायवाला म्हणाला.

ते त्याचे सख्खे मामा निघाले. धावड्याहून आले होते, घरातली पहिली गाडी न्यायला, भाच्याच्या शब्दावर. बरोबर त्यांची बहीण, म्हणजे त्याची आई. हे मला माहीत नव्हतं. ती पुढे आली, हात जोडले.

"ताई, सणाचा दिवस हाय. लेकराचं चुकलं असंल. पदरात घ्या."

मी तिच्याकडे बघितलं. चांगली बाई होती. तिच्या मुलाची मान तिच्यासमोर खाली गेली होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

"बाई," मी म्हणाले, "या सीटखाली पेट्रोल गळतंय. मागच्या तीन कागदांवर याने काहीच दोष नाही म्हणून सही केली. अशाच गाडीत आज तुम्ही बसणार आहात."

ती दोन पावलं मागे झाली. मामांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाच्चा, आधी या बाईंची उघड. मंग माझी बी उघड. तोवर पेढे न्हाई वाटायचे."

आतून मोठे मॅनेजर आले. त्यांनी मला खुर्ची दिली, मी बसले नाही. उद्या सकाळी पहिली तुमचीच गाडी घेतो, म्हणाले. आज पाने-पकडी पूजेत मांडलेत, आज कुणीच हात लावणार नाही, कारागीरही तयार होणार नाहीत.

"मग मीही नाही लावत," मी म्हणाले. "गाडीही पुजायचीच असते." मी टायवाल्याला सीटवरून उठवलं, आत बसले आणि मांडीवर पर्स ठेवली. म्हातारी बाई आत बसलेली गाडी ढकलायला त्यांच्यातलं कुणी पुढे येईना. मागे भटजी घड्याळ बघत होते. नव्या गाड्यांची माणसं आता माझ्यावर नाही, शोरूमवर ओरडत होती.

शेवटी मॅनेजर स्वतः आत गेले. पाटावर मांडलेल्या हत्यारांना नमस्कार केला, एक पाना उचलला आणि म्हाताऱ्या हेड मिस्त्रींच्या हातात दिला. हेड मिस्त्रींनी तो कपाळाला लावला, पुटपुटत देवाची माफी मागितली. पान्यावर हळदकुंकवाची बोटं तशीच होती. मागची सीट निघाली, खालचं झाकण निघालं आणि वासाचा भपका आला तशी पोरांनी नाकं धरली. पंप वर आला. रिंग एका जागी चिमटून फाटली होती. जुनी होती, बदललेलीच नव्हती. जुन्या जालन्यातल्या मिस्त्रींनी न उघडता सांगितलं होतं तेच.

हेड मिस्त्रींनी ती फाटकी रिंग टायवाल्याच्या तळहातावर ठेवली.  त्यांनी माझ्यासाठी केलेलं ते सगळ्यात मोठं काम.

नवी रिंग बसवायला अर्धा तास लागला. दहाचा मुहूर्त गेला, पुढचा धरला. मामांनी आपलीही गाडी उघडवून बघितली, मगच पेढे वाटले. मला पेढा द्यायला टायवाल्याची आई आली नाही. आली असती तर मी घेतला असता की नाही, सांगता येत नाही.

निघण्याआधी मी मॅनेजरांकडून हाताने लिहून घेतलं. त्यांनी आधी लिहिलं की काही अडचण आढळली. मी पर्समधला लाल पेन काढून ते खोडलं. मग त्यांनी लिहिलं की पंप बसवताना आमच्याकडून चूक झाली, ग्राहकाच्या गाडी चालवण्यात कोणताही दोष नाही. खाली सही, शिक्का आणि शेजारी टायवाल्याची सही.  तुमची आई वाचेल तर म्हणेल, आईंनी जरा अतीच केलं. केलं. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

तुमच्या बाबांना मी त्या कागदाचा फोटो पाठवला, वर एक शब्दही न लिहिता. त्यांचा फोन आला. सॉरी म्हणाले. मी म्हणाले, सॉरी नको, गाडी माझ्या नावावर कर. त्या कागदपत्रांना दोन महिने लागले, ते दोन महिने मी त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलले. आणि एवढं होऊनही त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते आहे. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ही त्यांची राहिलेली शिक्षा आहे.

टायवाल्याला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं असं ऐकलं. मी चौकशी केली नाही.

गाडी माझ्या नावावर आहे आणि एका चावीत सुरू होते. गुरुवार चालू आहेत. मॅनेजरांचा कागद कपाटात आहे. रागही आहे.